सिस्टरच्या हातचं बाळंतपण: भरवसा ठेवायचा तर काय बघून?

दादा, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मंगळवेढ्याकडच्या गावी आलीय, आठवा लागलाय. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 'सिस्टरच बाळंतपण करतात', म्हणून आई म्हणतात सोलापूरला खासगीत नाव घाला. मी लेबर रूममध्येच नोकरी करून निवृत्त झाले, तेव्हा सिस्टरांची बाजू घेणार हे धरूनच चाला. पण डोळे मिटून नाही.

आधी तिचं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, जुळं, बाळ पायाळू किंवा आडवं, यातलं एक जरी असलं तरी वाद संपला. जिथे सिझर होतं आणि रक्त मिळतं तिथेच बाळंतपण करायचं. सोलापूरचं सिव्हिल आहेच. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास असेल तर लोहाच्या गोळ्या खरंच पोटात जातायत का ते बघा. शौचाला काळं होतं म्हणून पोरी गुपचूप बंद करतात, नाहीतर चहाबरोबर घेतात आणि लोह अंगी लागत नाही.

कार्ड स्वच्छ असेल तर डॉक्टर की सिस्टर हा प्रश्नच उरत नाही. कळा लागल्यापासून वार (प्लॅसेंटा) पडून दोन तास उलटेपर्यंत शिकलेलं माणूस तिच्यापाशी आहे का, हे बघायचं. खासगीत रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये कोण असतं, तेही एकदा विचारून बघा.

आता खरी गोष्ट. धडधाकट बाई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने दोन तासांत जाऊ शकते. त्यावरचा उपाय स्वस्त आहे: बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन. हेच औषध कुणी बाळंतपण 'लवकर उरकायला', लक्ष न ठेवता, आधीच टोचलं तर गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. म्हणून 'कळांचं इंजेक्शन देतो' म्हणणारा कुणी घरी आला तर दारातूनच परत पाठवा. पोटावर जोर देऊन बाळ ढकलणंही तितकंच वाईट. आणि हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. केंद्रात गेलात की फ्रीज चालू आहे का, लाईट गेल्यावर काय करतात, हे विचारायला लाजू नका. चांगली सिस्टर रागावणार नाही, उलट फ्रीज उघडून दाखवेल.

रक्त किती गेलं हे नुसत्या नजरेने नेहमी कमीच वाटतं. आफ्रिकेतल्या चार देशांत खाली मापाच्या खुणांची पिशवी लावून रक्त मोजलं आणि ठरलेले उपचार एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी घटला. २०२३ सालचा हा अभ्यास आहे, आणि त्यात बाळंतपणं मुख्यतः सुईणकाम शिकलेल्यांच्याच हातची.

बाळाचं गणित मिनिटाचं असतं. पुसून कोरडं केल्यावरही रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटातच अंबू बॅगने (तोंडा-नाकावर मास्क लावून हाताने दाबायची हवेची पिशवी) श्वास द्यायला लागतो. ती बॅग कपाटात कुलपात आहे की टेबलावर, एवढं बघितलंत तरी त्या लेबर रूमची परीक्षा झाली. रडलं तर घाई नाही: नाळ मिनिटभर थांबून कापायची, बाळ आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवायचं, तासाभरात अंगावर पाजायचं. चीक पिळून टाकायचा नाही, मध-गूळपाणी नाही, नाळेवर हळद नाही. (आजीबाई ऐकणार नाहीत, ते तुम्ही बघून घ्या.)

आपल्याकडे सिस्टरांना प्रसूतीचं वेगळं प्रशिक्षण मिळतं. शिवाय २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मिडवायफरीचा १८ महिन्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखलाय. मात्र प्रत्येक केंद्रात तसं शिकलेलं माणूस असेलच असं धरू नका, प्रशिक्षण झालंय का ते थेट विचारा.

दुसरी चौकशी गाडीची. १०२ किंवा १०८ ला फोन केल्यावर तुमच्या गावात गाडी यायला किती वेळ लागतो ते आशाताईंना ठाऊक असतं. सोलापूर तिथून पन्नासेक किलोमीटर. अडलं तर मंगळवेढा, पंढरपूर की थेट सिव्हिल, हे रात्री ठरवायची गोष्ट नव्हे. कुठे सिझर होतं, कुठे रक्त मिळतं, हे आत्ताच विचारून कार्डाच्या मागे लिहा. नोंद सासरची असेल तर माहेरच्या केंद्रातही कार्ड दाखवून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

आणि आईंना लेबर रूममध्ये सोबत थांबता येतं, २०१६ पासून तशी मुभा आहे. त्यांना एवढंच सांगा: डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, कपडा भराभर भिजतोय, यातलं काहीही दिसलं की संकोच न करता सिस्टरला हाक मारायची, मग ती दहाव्यांदा का असेना.