वाड्यातली पिस्तुलं आणि साडेतीन लाखांची ठेव

निपाणीहून एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलंय: "सोसायटीतल्या साडेतीन लाखांच्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. खानापूर तालुक्यातल्या एका देसाई वाड्यातली ठासणीच्या पिस्तुलांची जोडी एका मध्यस्थाने दाखवली. किंमत साडेतीन लाख, रोख. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर सिंह आणि १७९६ साल आहे. कित्तूरच्या लढाईतली आहेत, अँटिक म्हणून लायसन लागत नाही, पाच वर्षांत दुप्पट होतील, असं तो सांगतो. मला इतिहासाची आवड आहे. धाकटीचं इंजिनिअरिंग दोन वर्षांनी सुरू होईल. घेऊ का? पंचवीस हजार विसार मागतोय."

सर, या घडीला घेऊ नका आणि विसारही देऊ नका. आवडीबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतायत.

तो सिंह बघा. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर मागच्या पायांवर उभा, पंजांत मुकुट धरलेला सिंह असतो, हे खरं. पण तो शिक्का १८०८ च्या सुमारास आला. त्याआधी कंपनी हृदयाच्या आकाराचं, आत अक्षरं असलेलं आपलं व्यापारी चिन्ह उठवायची. मग एकाच पट्टीवर १७९६ आणि सिंह कसे? साल मागाहून कोरलं असेल, पट्टी दुसऱ्या हत्याराची असेल, नाहीतर सगळाच माल अलीकडचा असेल. यातलं काहीही खरं निघालं तरी किंमत साडेतीन लाख होत नाही. साल मागे ढकललं की भाव पुढे सरकतो, हे कोरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

एवढ्यावर लगेच खोटं ठरवू नका. पुन्हा बघायला गेलात तर भिंग, लोहचुंबक आणि एक सरळ काठी न्या. आधी काठी: नळीत अलगद घालून ती किती आत जाते ते बाहेरून नळीला लावून मोजा. कानाच्या भोकाच्या, म्हणजे ठिणगी नळीत शिरते त्या छिद्राच्या, बऱ्याच अलीकडे अडत असेल तर आत जुना दारूचा बार ठासलेला असू शकतो. तेव्हा हत्यार खाली ठेवा आणि घोड्याला हात लावू नका. जुन्या ठासणीच्या हत्यारांत असा बार राहून गेलेला सापडतो.

मग चुंबक. तो चिकटला नाही तर पट्टी जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणात ओतलेली, भिंतीवर टांगायच्या मालातली. चिकटला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नक्कल लोखंडातही होते. तुमच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ जोडीवर घालवीन. हाताने घडवलेली दोन पिस्तुलं जुळी दिसतात, पण त्यांचे खड्डे आणि ओरखडे एकाच जागी येत नाहीत. डाव्या पिस्तुलावरचा बारीक खड्डा उजव्यावरही तिथेच असेल तर दोन्ही एकाच साच्यातून निघालीत. स्क्रूच्या डोक्यावर फुलीसारखी खाच दिसली तर तो स्क्रू १९३० नंतरचा. जुन्या स्क्रूची खाच एकच आणि अरुंद असते. नळीवर बर्मिंगहॅमच्या, बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीघराचा ठसा आहे म्हणून कुणी दाखवलं तर तेही १७९६ शी जुळत नाही, कारण ते चाचणीघर १८१३ सालचं.

एक लबाडी भल्याभल्यांना कळत नाही. गारेच्या ठिणगीवर उडणारी पिस्तुलं १८३० नंतर टोपीवर, म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर, उडणारी करून घेतली गेली. पुढे 'गारेचं' म्हटलं की भाव जास्त मिळतो, म्हणून काहींनी ती परत गारेची केली. पट्टीवर बुजवलेली भोकं, रंजकाच्या (ठिणगीने पेटणाऱ्या बारीक दारूच्या) वाटीचं कोरं लोखंड आणि शेजारी काळवंडलेली पट्टी, असं दिसलं की समजा हे दुरुस्तीचं काम आहे. लाकूडही बघा. मूठ जिथे पकडतात तिथे ते गुळगुळीत हवं, कोपऱ्यांवर नव्हे. लाकूड लोखंडाच्या पातळीखाली गेलं असेल तर त्यावर पॉलिश पेपर फिरलाय.

कित्तूरचं म्हणाल तर सीमाभागात अर्ध्याअधिक जुन्या हत्यारांची हीच कथा असते. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरला राणी चन्नम्माच्या फौजेशी लढताना कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, हे इतिहासात आहे. ते पिस्तूल तिथे होतं हे कुठे आहे? मी कागद मागीन. या मुलखात हत्यारं सहज घरात राहिली नाहीत. १८५७ साली हत्यारबंदीच्या विरोधात मुधोळजवळच्या हलगलीचे बेडर जमातीचे लोक उठले, ते कंपनीने चिरडले. पुढे १८७८ चा हत्यार कायदा आला. त्यानंतर वाड्यात पिस्तूल राहिलं असेल तर पणजोबांच्या नावाचं लायसन, सूट दिल्याचा हुकूम किंवा वाटणीपत्रातली एखादी ओळ असायला हवी. 'कागद पुरात गेले' या उत्तराला मी साडेतीन लाखांतून मोठी वजावट करतो.

आता लायसन. १९५९ च्या हत्यार कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण हत्यार जुनं आहे एवढ्यावर ती मिळत नाही. हत्यार जुन्या धाटणीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचं असावं, शिवाय दुरुस्त करूनही ते उडणार नाही अशा अवस्थेत असावं. खानापूरच्या रानात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याला परवाना लागतो आणि निवडणुकीला ती बहुधा ठाण्यात जमा करावी लागते. मग तुमच्या पिस्तुलाला मोकळीक कशी? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. पेन्शनरने हा जुगार खेळू नये.

यातच व्यवहाराची गोम आहे. नळी भोकं पाडून किंवा वेल्डिंग करून निकामी केली तर परवान्याचा प्रश्न सुटू शकतो, पण संग्राहक किंमत पाडतो. नळी धड ठेवली तर किंमत टिकते, पण परवाना लागतो आणि पुढचा गिऱ्हाईकही परवानावालाच शोधावा लागतो. 'लायसन नको' आणि 'दुप्पट होतील' ही दोन्ही आश्वासनं एकाच पिस्तुलाला सहसा लागू पडत नाहीत.

पैशाचं गणित छोटं आहे. साडेतीन लाख ७ टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले तर करापूर्वी सुमारे ४ लाख ९१ हजार होतात. विकताना दलाल २० टक्के घेईल असं समजलात तर तेवढेच हातात यायला पिस्तुलं ६ लाख १४ हजारांना जायला हवीत. मध्यस्थाचं 'दुप्पट' म्हणजे सालाला जवळपास १५ टक्के, तेही तयार गिऱ्हाईक असेल तर. फी भरायच्या जून महिन्यात ते येईलच असं नाही. त्यात रोख: दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि बँकेतून न गेलेल्या पैशाचा खरेदीपुरावा तुमच्याकडे उरत नाही. पुढे विकाल तेव्हा नफा मोजायला खरेदीची किंमत काय दाखवाल? शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंचा धंदा करणाऱ्याला १९७२ च्या कायद्याने पुरातत्त्व खात्याचं लायसन लागतं. मध्यस्थाला ते दाखवायला सांगा. माझा अंदाज, बोलणं तिथेच थांबेल.

ठेव धाकटीची आहे असं धरा आणि दोन वर्षांच्या मुदतीने परत ठेवा. हौसेला वेगळी रक्कम काढा, पेन्शनमधून वर्षभरात साठेल तेवढीच. आधी कोल्हापूरला नवीन राजवाड्यातल्या वस्तुसंग्रहालयात एक दिवस घालवा. किंमत विचारायला नव्हे. खरं लोखंड म्हातारं कसं होतं, ते डोळ्यांत भरून घ्यायला. त्यानंतरही हात शिवशिवलाच तर पिस्तुलाऐवजी बारूद ठेवायची रिकामी शिंगाची किंवा पितळी दाणी शोधा. तिला हत्याराचं लायसन नाही, ती निवडणुकीत जमा करावी लागत नाही, आणि फसलात तरी पेन्शनचा एक हप्ता जाईल, मुलीची फी नाही. पावती मात्र तिचीही घ्या, चेकने.