सामना घरीच बघायचा, तर टीव्ही केवढा?

प्रश्न : काका, आमचं बोरिवली पश्चिमेला वन बीएचके आहे. हॉल दहा बाय पंधरा, सोफा आणि टीव्ही समोरासमोरच्या लांब भिंतींना. बाबा आणि मी क्रिकेटचा एक चेंडू सोडत नाही, धाकटा भाऊ रात्री जागून फुटबॉल बघतो. मोठा सामना असला की मजल्यावरची सात-आठ मंडळी येतात आणि निम्मी खालीच बसतात. जुना ४३ इंची टीव्ही बंद पडला. दुकानदार म्हणतो ७५ घ्या, भाऊ ओएलईडीवर (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या पडद्यावर) अडून बसलाय आणि आईच्या मते ५५ पुरे. बजेट लाखाच्या आसपास. काय घ्यावं?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : ६५ इंची घ्या, एलईडी (मागून दिव्यांनी उजळणारा नेहमीचा पडदा) घ्या, आणि पॅनेल, म्हणजे आतला पडदा, खरोखर १२० हर्ट्झचं, सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं आहे याची खात्री करूनच पैसे मोजा. आता कारणं सांगतो. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात माझं आयुष्य गेलं, आणि मोठा टीव्ही घेऊन पस्तावलेले लोक बहुतेक इंचांत चुकलेले नव्हते. ते दुसऱ्याच गोष्टींत चुकले होते.

इंचांचं आधी उरकू. अंतर मोजायचं ते भिंतीपासून भिंतीपर्यंत नाही, डोळ्यांपासून पडद्यापर्यंत. तुमच्या भिंतींमध्ये दहा फूट आहेत, पण सोफ्यावर टेकून बसल्यावर डोळे मागच्या भिंतीच्या दोनेक फूट पुढे येतात. उरले पावणेआठ-आठ फूट. पडद्याचा कर्ण जेवढा, त्याच्या सव्वा ते दीडपट अंतरावरून सामना छान दिसतो. ६५ इंचाला हा हिशेब पावणेसात ते सव्वाआठ फूट येतो, म्हणजे तुमच्या सोफ्याला तो बरोबर बसतो. ७५ सोफ्यावरून चालेलही, पण खाली बसणारी मंडळी पडद्यापासून चार-पाच फुटांवर असतात. साडेपाच फूट रुंदीच्या चित्रात त्यांना गोलंदाजाचा रनअप एका कोपऱ्यात आणि स्कोअर दुसऱ्या कोपऱ्यात शोधावा लागेल. मान दुखेल ती वेगळीच.

आता खरा मुद्दा, हलणारं चित्र. मालिका बघताना माणसं उभी राहून बोलतात, त्यामुळे कुठलाही टीव्ही बरा दिसतो. सामन्यात कॅमेरा सतत फिरत असतो. फलंदाजाने उंच फटका मारला की कॅमेरा चेंडूमागे धावतो, मागे सगळं स्टेडियम सरकतं, आणि साध्या पॅनेलवर तिथेच चित्र फरफटतं. खोक्यावर ‘मोशन’ असं काहीतरी लिहून पुढे २४० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. तो कंपनीने आपल्या सोयीने काढलेला आकडा. तुम्ही विचारायचं एवढंच, ‘पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?’ म्हणजे पडदा स्वतः किती हर्ट्झचा? उत्तर ६० आलं तर पुढचा टीव्ही बघा.

दुकानात डेमोचा व्हिडिओ चालू असतो. संथ डोंगर, फुलं, भडक रंग. तो बंद करायला लावा. बिचकू नका, लाखाची वस्तू घेताय. सेट-टॉप बॉक्सवर एचडी क्रीडा वाहिनी लावायला सांगा, थेट सामना नसला तर हायलाइट्स चालतील. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर न्या. मग चौकार जाताना सीमारेषेवरच्या जाहिरातींच्या अक्षरांवर नजर ठेवा. कॅमेरा फिरत असताना ती वाचता आली, तर पॅनेल चांगलं. नंतर बघा हिरवळ. कॅमेरा मैदानावरून सरकताना हिरव्या रंगात मळकट डाग किंवा उभे पट्टे दिसतात का? हा दोष मालिकेत कधी जाणवत नाही, क्रिकेट-फुटबॉलमध्ये एकदा दिसला की रोज दिसतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. म्हणून टीव्ही घरी लागला की पहिल्या आठवड्यातच असा सामना बघा आणि बदलून देण्याची मुदत किती ते बिलावर लिहून घ्या.

शेवटी बाजूला जा, सोफ्याच्या टोकाला बसणारा शेजारी जिथून बघेल तिथे, आणि रंग बघा. एलईडी टीव्हीत पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर समोरून काळा रंग झकास दिसतो, पण बाजूने हिरवळ पांढुरकी पडते. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग टिकतात, अंधारात मात्र काळा जरा राखाडी होतो. घर भरून मंडळी येत असतील तर मी आयपीएसकडे झुकेन. सामना सगळ्यांनी मिळून बघायचा असतो, कोपऱ्यातल्याला फिका का म्हणून?

भावाचं ओएलईडी वाईट नाही. चित्राची चपळाई आणि बाजूने दिसणं, दोन्हींत तोच सरस. पण तेवढ्या पैशांत साइज एक पायरी खाली येईल. शिवाय तुमची खोली पश्चिमेची असेल तर इंग्लंडमधली कसोटी आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होते, नेमकं ऊन आत येतं तेव्हा. त्या उजेडाला जास्त ब्राइटनेसचा एलईडी पुरा पडतो. तिसरं, घरात दिवसभर वृत्तवाहिनी चालते का ते विचारात घ्या. खालची पट्टी आणि वाहिनीचा लोगो तासन्‌तास एका जागी राहिला तर ओएलईडीवर त्याचा ठसा कायमचा उमटू शकतो. टीव्ही कुठलाही घ्या, खिडकीला जाड पडदा लावा. एवढ्या कमी खर्चात चित्र इतकं सुधारणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

घरी आल्यावर सेटिंगमध्ये चित्र गुळगुळीत करणारी सोय असते, ती शेवटपर्यंत चढवू नका. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र अंदाजाने रचतो, आणि प्रेक्षकांच्या गर्दीसमोरून जाणारा चेंडू त्या अंदाजात मधेच गायब होतो किंवा दोन दिसतात. थोडीशी ठेवा, चेंडू सलग दिसतोय तोवरच.

आणि सेट-टॉप बॉक्स साधा असेल तर एचडी करून घ्या. साध्या वाहिनीचं चित्र ६५ इंचांवर ताणलं की खेळाडूचा चेहराही ओळखू येत नाही. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत याचा मला राग आहे. मोबाइलच्या ॲपवरचा सामना टीव्हीवर लावणार असाल तर एचडीहून बारीक अशा फोर-के चित्रासाठी २५ एमबीपीएस तरी स्थिर वेग हवा. राउटरपासून केबल ओढली तर उत्तम. पण इंटरनेटवरचा सामना सेट-टॉप बॉक्सवरच्या सामन्याच्या मागे असतो, कधी कधी अर्ध्या मिनिटाने. समोरच्या इमारतीतून आधी आरडाओरडा होणार आणि तुमचा गोलंदाज अजून धावतच असणार! बाबांना हे चालणार नसेल तर मोठ्या सामन्याला बॉक्सच लावा.

भिंतीबद्दल : इमारत नवी असेल आणि भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) असेल तर त्या ब्लॉकसाठी मिळतात तेच अँकर वापरायला सांगा, साधा प्लास्टिकचा गिट्टा वीस-पंचवीस किलो धरत नाही. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत टाळा. पडद्याचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. खोकं उभंच न्यायचं, आडवं झोपवायचं नाही, तेव्हा लिफ्टचं दार आणि आतली जागा आधी टेपने मोजा.

जुनं कोटेशन हातात असेल तर नवं मागा. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

प्रश्न : गिरगावात चाळीत दहा बाय दहाची खोली आहे. पडद्यापासून सहा फुटांवर बसतो. टीव्हीऐवजी प्रोजेक्टर घेतला तर सामना मोठा दिसेल ना?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : रात्री दिसेल. दिवसाच्या सामन्याला दार-खिडकी बंद करून बसावं लागेल, आणि चाळीत दुपारी दार लावून सामना बघायचा म्हणजे अर्धी मजा गेली. शिवाय तुमच्या खोलीत पंखा मधोमध असणार. मागच्या भिंतीवर उंच लावलेल्या प्रोजेक्टरचा झोत नेमका पात्यांत सापडतो. सहा फुटांवरून ५० किंवा ५५ इंची टीव्ही भरपूर होतो. वर सांगितलेल्या परीक्षा त्यालाही लावा, आणि लाकडी जिन्याच्या वळणावर खोकं फिरतं का ते पैसे देण्याआधी बघून घ्या.