सँ-दनीचे राजे आता कोठे आहेत?

प्रश्न : पॅरिसला मुलीकडे महिनाभर राहणार आहोत. शहराच्या उत्तरेस सँ-दनी येथे फ्रान्सच्या राजांची थडगी असलेले गॉथिक चर्च आहे, असे ती सांगते; परंतु राज्यक्रांतीत ती उकरली गेल्याचे मी वाचले आहे. मग तेथे राजे आहेत की नुसते पुतळे? नोत्र दाम पाहिल्यावर तिकडे जाण्यात अर्थ आहे का? पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. १७९३च्या ऑक्टोबरात क्रांतिकारकांनी थडग्यांतील राजे-राण्यांचे अवशेष बाहेर काढून चर्चलगतच्या खड्ड्यांत टाकले आणि वर चुना ओतला. १८१७ साली, राजेशाही परत आल्यावर गादीवर बसलेल्या अठराव्या लुईने ते परत आणविले, तेव्हा कोणती हाडे कोणाची हे ओळखणे अशक्य झाले होते; म्हणून शतकानुशतकांचे राजघराणे तळघरातील एकाच अस्थिकक्षात एकत्र ठेवले आहे. वर दिसणारी संगमरवरी थडगी त्यामुळे रिकामी आहेत. क्रांतीत शिरच्छेद झालेले राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचे अवशेष मात्र १८१५ साली दुसऱ्या दफनभूमीतून येथे आणले गेले, आणि त्यांच्या कबरी तळघरात आहेत.

तरीही त्या रिकाम्या थडग्यांसाठीच येथे जावे, असे माझे मत आहे. क्रांतीच्या धामधुमीत संग्रहालयपाल अलेक्सांद्र लनुआर यांनी कलावस्तू म्हणून ती वाचविली नसती, तर सत्तरहून अधिक निजलेल्या मूर्तींचा हा समूह आज दिसला नसता. नवव्या लुईने १२६०च्या दशकात आपल्या पूर्वजांच्या मूर्ती करवून घेतल्या. ते पूर्वज कारागिरांनी कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे सर्वांचे चेहरे एकाच शांत साच्याचे आहेत. त्यानंतर पाचव्या चार्ल्सची मूर्ती पाहा. ती आंद्रे बोनव्हो याने राजा हयात असतानाच घडविली, आणि तिच्यातील लांब नाक व थकलेले गाल एका विशिष्ट माणसाचे आहेत. बारावा लुई आणि त्याची राणी आन यांच्या थडग्यावर हे जोडपे वर गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसते आणि खाली तेच दोघे उघड्या प्रेतांच्या रूपात पडलेले असून पोटावरचे शवलेपनाचे टाकेही शिल्पकाराने कोरले आहेत. आपल्याकडील छत्र्या आणि समाध्या पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे प्रथम खटकेल. मलाही खटकले होते.

नोत्र दामशी तुलना करायची, तर वयाने सँ-दनी वडीलधारे आहे. नोत्र दामचे काम ११६३च्या सुमारास सुरू झाले. मठाधिपती स्युजे याने सँ-दनीच्या वेदीमागचा भाग ११४४ सालीच पूर्ण करून घेतला होता. बारीक खांब, टोकदार कमानी आणि जवळजवळ सलग रंगीत काचा यांच्या साहाय्याने जाड भिंतींना फाटा देऊन प्रकाश आत आणण्याची कल्पना येथे प्रथमच एकसंधपणे साकारली, म्हणून गॉथिक शैलीचा जन्म येथे झाला असे मानतात. वरचा भाग १२३१नंतर नव्याने बांधलेला आहे, त्यामुळे स्युजेचे काम खालच्या प्रदक्षिणामार्गात शोधावे. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या कमानी आपण पाहिल्या असतीलच; त्यांचे कूळ येथवर पोहोचते.

मेट्रोच्या तेरा क्रमांकाच्या मार्गावर चर्चच्याच नावाचे स्थानक आहे आणि तेथून थोडेच चालावे लागते. दर्शनी बाजू लंगडी दिसल्यास चकित होऊ नका, कारण उत्तरेकडचा मनोरा १८४०च्या दशकात खचू लागल्यामुळे उतरविण्यात आला होता. हे आजही चालते प्रार्थनास्थळ आहे. कोणत्याही धर्माच्या माणसाला आत जाता येते, मात्र रविवारी सकाळी मिस्सा असल्याने थडग्यांचा भाग दुपारीच पाहता येतो, तेव्हा इतर दिवशी जाणे सोयीचे. मुख्य दालनात प्रवेश विनामूल्य असून थडगी आणि तळघर यांसाठी तिकीट काढावे लागते. तळघरात व वेदीमागे जाण्यास पायऱ्या आहेत. पत्नीला त्या जमणार नसतील, तर त्यांनी मुख्य दालनातील खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंच्या गोल खिडक्या निवांत पाहाव्यात आणि अस्थिकक्षापर्यंत आपण एकट्याने जाऊन यावे.