कॅनडाचे युद्धकाळातले कॉमिक्स: विकत घेण्याआधी काय तपासावं?

टोरांटोतल्या विक्रेत्याकडे ‘कॅनेडियन व्हाइट्स’ म्हणून काही अंक आलेत, मुखपृष्ठं टवटवीत आहेत, घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मुखपृष्ठ शेवटी बघा. आधी पानं मोजा.

डिसेंबर 1940मध्ये कॅनडाने परकीय चलन वाचवायला अनावश्यक आयात थांबवली, त्यात अमेरिकन कॉमिक्सही गेले. मार्च 1941पर्यंत व्हँकुव्हरच्या मेपल लीफने ‘बेटर कॉमिक्स’ आणि टोरांटोच्या अँग्लो-अमेरिकनने ‘रॉबिन हूड’ बाजारात आणलं. पाठोपाठ टोरांटोची बेल फीचर्स आणि माँट्रियलची एज्युकेशनल प्रोजेक्ट्स आली. मुखपृष्ठ रंगीत, आत न्यूजप्रिंटवर नुसती काळी शाई, म्हणून ‘व्हाइट्स’. ‘बेटर’ आणि बेलच्या ‘वाव’चे सुरुवातीचे काही अंक मात्र आतूनही रंगीत आहेत, त्यामुळे रंग दिसला म्हणून लगेच नाकारू नका. उलट, कॅनडात छापलंय एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. युद्धानंतर तिथे अमेरिकन कॉमिक्सची भरपूर पुनर्मुद्रणं निघाली. प्रकाशक आणि अंक क्रमांक दोन्ही जुळवा. उदाहरणार्थ, कॅनडाची सुपरहिरोइन नेल्वाना जिथे पहिल्यांदा आली ते ‘ट्रायम्फ-अ‍ॅडव्हेंचर’ 1 ते 6 अंकांपर्यंत हिलबरो स्टुडिओचं होतं, 7पासून बेलचं ‘ट्रायम्फ’ झालं.

आता मोजणी. अंक म्हणजे मधोमध पिना मारलेली वही. दुमडलेल्या एका कागदाची, दोन्ही बाजू मोजून, चार पानं होतात, म्हणून मुखपृष्ठ सोडून एकूण पानांना चाराने भाग जायलाच हवा. गेला नाही तर एखादा अर्धा कागद फाटून गेलाय. पण भाग गेला म्हणून निश्चिंत होऊ नका: मधला अख्खा कागद पिनांतून निसटला असेल तरी हिशोब बरोबरच येतो. म्हणून मध्यावर उघडा आणि गोष्ट डावीकडून उजवीकडे सलग जाते का वाचा. लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाकडे बेलचा मोठा संग्रह आहे, त्यातल्या डिजिटल प्रती ताडून बघायला फार कामाच्या. कुपनं कापलेली असणं नेहमीचंच, आणि आतली चित्रं पोरांनी खडूने रंगवलेली असणंही. (कोऱ्या चित्रांचं पुस्तक मुलाच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार!) असा अंक वाचायला उत्तम, पण भाव पडतो. खोडरबर लावू नका. या कागदाचा वरचा थर खडूसकट निघून येतो.

पिना गंजल्या असतील तर चालेल, पण जुन्या भोकांशेजारी नवी भोकं दिसली तर अंक उघडून पुन्हा बांधलाय. कदाचित दोन प्रतींचा एक केलाय. मग 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधारात मारा. त्या काळच्या कागदात चमक आणणारी रसायनं नसतात, त्यामुळे तो मंद राहतो. एखादं पान किंवा मुखपृष्ठाचा कोपरा निळसर-पांढरा उजळला तर तो नंतरचा आहे. भिंगाखाली काळ्या रेषेतच रंगीत ठिपके दिसले तर तो आधुनिक प्रिंटरचा प्रताप.

पान हळूच वाकवा. कडेचा भुगा पडत असेल तर कागदातल्या आम्लाने काम केलंय, ते मागे फिरत नाही, फक्त मंदावता येतं. त्यासाठी मायलारचं (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचं) पाकीट, मागे कॅल्शियम कार्बोनेट घातलेला आम्लमुक्त पुठ्ठा, आणि अंधार. या अंकांची मापं सारखी नसतात, म्हणून पाकीट अंक मोजूनच घ्या. घट्ट बसवायला गेलात तर कोपरे मोडतील. सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा गोंद पिवळा पडून आत मुरतो.

अंक पुढेमागे मुंबई-कोकणात आणणार असाल तर पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. आर्द्रता 35 ते 50 टक्क्यांत राहायला हवी. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा. लाकडी कपाट नको: लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि कसर लागते ती वेगळीच.