सावरडो क्रोसाँ पहिल्यांदाच करताय? एवढंच सांभाळा

ताई, तुम्ही लिहिलंत की क्रोसाँ (लोण्याचे थर देऊन भाजलेला चंद्रकोरी पाव) लाटताना लोणी बाहेर वाहून राहिलं, म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका, मे महिन्यात नागपुरात भर दुपारी लाटायला घेतलं तर दुसरं काय होणार! पहाटे पाचला करा, नाहीतर सरळ डिसेंबरपर्यंत थांबा, आपल्याकडची थंडी या कामाला एकदम मस्त. कूलरच्या भरवशावर राहू नका, त्याने हवेत ओल वाढते अन् पीठ चिकटतं, एसी पाहिजे.

सुरुवातीला तीनच गोष्टी बघा:

१. स्टार्टर, म्हणजे बाजारच्या यीस्टऐवजी वापरायचं पीठ-पाण्याचं आंबवण (सावरडो). ताजं पीठ-पाणी खाऊ घातल्यावर ४ ते ६ तासांत दुप्पट होत नसेल तर क्रोसाँ करूच नका, आधी आठवडाभर त्याला रोज खाऊ घालून जोमात आणा.

२. लोणी. पीठ अन् लोणी सारखंच मऊ पाहिजे. लोण्याची पट्टी फ्रीजमधून काढून हळूच वाकवून बघा, न तुटता वाकली तर लाटा, कडकन मोडली तर पाचेक मिनिटं थांबा, नाहीतर आत तुकडे होतात अन् थर जातात.

३. घाई. बहुतेक जण इथंच चुकतात. सावरडोचं पीठ बाजारच्या यीस्टसारखं दोन तासांत फुगत नाही, २४-२६ डिग्रीला ८-१० तासही लागतात, अन् लवकर फुगावं म्हणून उन्हात ठेवलं की लोणी वितळलंच समजा. ट्रे हलवल्यावर क्रोसाँ थरथरले पाहिजेत, तेव्हाच ओव्हनमध्ये.

पिठात लोणी गुंडाळून लाटल्यावर घालायच्या घड्या साध्या तीनच, प्रत्येकीनंतर अर्धा तास फ्रीज. हायड्रेशनचं (पिठात पाणी किती, याचं) गणित सध्या सोडा. पहिला घाणा सहा क्रोसाँचाच करा आणि कापल्यावर आतली जाळी कशी आली ते मला नक्की कळवा.