रोज तीन बादल्या पाणी, अर्धा तास आणि रडारड. लहान मुलांची अंघोळ कमी खर्चात, कमी पाण्यात कशी उरकावी?

तुम्ही लिहिलंय की मुलं तीन आणि सहा वर्षांची आहेत, साबण-शाम्पू महिनाभर पुरत नाही आणि धाकटीला रडतच बाहेर काढावं लागतं. माझी दोघं आता नऊ आणि पाच वर्षांची आहेत. आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. यातून मीही गेले आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे एका गोष्टीनं फरक पडला. पाणी आधी मापायचं, मगच मुलाला पाटावर बसवायचं. नळ चालू असला की अंघोळीला शेवटच नसतो. मूल "अजून थोडं" म्हणतं, आपण आवाज चढवतो आणि तिथून रडणं सुरू होतं. आता प्रत्येकाला पंधरा लिटरची एक बादली आणि एक तांब्या. तळ दिसला की अंघोळ झाली. धाकट्यानं पहिले चार-पाच दिवस दंगा केला, नंतर तो आपणहून शेवटचा तांब्या राखून ठेवायला लागला. तो मात्र त्याचाच. डोळे घट्ट मिटून, "हर हर गंगे" म्हणत डोक्यावर ओततो आणि स्वतःच उठून टॉवेल मागतो.

ही सवय लागली २०१९ च्या पुरात. पंचगंगा गावात शिरली होती आणि आमच्या नळाला थेंब नव्हता, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती. टँकरचं पाणी तीन जिने चढवताना कळलं की थोरलीची अंघोळ अर्ध्या बादलीत नीट होते. २०२१ ला पुन्हा तेच दिवस आले, तेव्हा जड गेलं नाही.

तुमच्याकडे सोलर असेल तर एक नासाडी रोज डोळ्यांसमोर होत असते. गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं गार पाणी आपण मोरीत सोडून देतो. मी एकदा मापलं, सात लिटर निघालं. आता तेच पाणी बादलीत धरते आणि त्याचंच विसण होतं. आधी गार, वरून गरम, मग हातानं ढवळून कोपर बुडवून बघायचं. कोपराला नुसतं कोमट लागलं पाहिजे. गार पाणी आधी असल्यानं पोरानं मध्येच हात घातला तरी भाजण्याची भीती कमी. गिझर असेल तर अंदाज असा, की वीस लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला साधारण एक युनिट वीज लागते. गरम बादली मोरीत ओतताना हा हिशोब आठवतो.

साबणाच्या उरलेल्या चिपट्या जुन्या, स्वच्छ सुती मोज्यात घालून गाठ मारा. मोजा ओला केला की फेस होतो, हातातून निसटत नाही आणि मुलं स्वतःच अंग चोळतात. रोज सगळ्या अंगाला साबण लागतही नाही. मान, काखा, जांघा, पाय एवढं पुरे. शाम्पू आठवड्यातून दोनदा, चमचाभर, तोही तांब्यातल्या थोड्या पाण्यात कालवून. थेट बाटलीतून ओतलात तर तो धुवायलाच अर्धी बादली जाते.

डोकं धुताना रडणं होतं ते डोळ्यांत फेस जातो म्हणून. मी बाथरूमच्या छताला मोठी लाल टिकली चिकटवली आहे. "टिकली बघ" म्हटलं की मान आपोआप मागे जाते, आणि कपाळावर घडी घातलेला पंचा धरला की पाणी मागच्या मागे निघून जातं. तुमच्या धाकटीसाठी हे नक्की करून बघा.

खेळणी विकत आणू नका. चहाची जुनी गाळणी आणि झाकणाला भोकं पाडलेली बाटली पुरते.

टॉवेलऐवजी सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे वापरते. पाणी चटकन टिपतात आणि आपल्या इथल्या पावसाळ्यात, जेव्हा जाड टॉवेल चार दिवस कुबट वास मारत लोंबकळतो, तेव्हा पंख्याखाली रात्रीत वाळतात.

मुलांना मोठ्या घमेल्यात बसवलंत तर खाली साठलेलं पाणी संडासात ओतायला किंवा गॅलरी धुवायला होतं. फेसाचं पाणी कुंड्यांना घालू नका. आणि घमेलं किंवा बादली वापर झाल्याबरोबर रिकामी करा. तीन वर्षांचं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे दाराची बेल वाजली तरी तिला एकटं सोडून उठू नका. पाणी तापवायचा रॉड वापरत असाल तर तो स्वयंपाकघरात, दार लावून, प्लॅस्टिकच्या बादलीत लावा आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.