कानशिलावरचा खरखरीत डाग

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ६८. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, शेवटची काही वर्षं ठाणे-महाड गाडीवर. मूळचा गुहागरकडचा, घारा-गोरा. दोन्ही हातांवर चॉकलेटी डाग आलेत, उजव्यावर जास्त. शिवाय उजव्या कानशिलावर मसुराएवढं काहीतरी खरखरीत आहे. टॉवेलने तोंड पुसताना पापुद्रा निघतो, आठ-दहा दिवसांत पुन्हा धरतो. दिसत फारसं नाही. सौ. म्हणते लिव्हर तपासून घ्या. सूनबाईने मोबाइलवर कॅन्सरचे फोटो दाखवून झोप उडवली. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणारे मित्र म्हणतात, चुना-सोडा लाव, गळून पडेल. कोणाचं ऐकू? फोटो पाठवतोय. बीपीची गोळी चालू आहे.
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : काका, पहिल्यांदा त्या मित्रांना माझा नमस्कार सांगा आणि चुना-सोड्याची डबी त्यांना परत करा. त्याने कातडी भाजते, जखम होते, व्रण राहतो. आणि खाली काही गडबड असेलच तर ती झाकली जाते, मग आम्हाला तपासायला जळका खड्डा तेवढा उरतो.

लिव्हरचा इथे काही संबंध नाही. या डागांना इंग्रजीत यकृताचं नाव चिकटलंय ते तपकिरी रंगामुळे. तुमच्या हातांवरचे डाग उन्हाचे आहेत, आणि उजव्या हातावर जास्त का, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला होता. त्याने २८ वर्षं मालाचा ट्रक चालवला होता. चेहऱ्याची डावी बाजू जाड, सुरकुत्यांनी भरलेली, उजवी मात्र कितीतरी तरुण, कारण तिकडे खिडकी डावीकडे. साध्या काचेतून अतिनील किरणांपैकी एक प्रकार बराचसा आत येतो. तुमच्या बाबतीत तर काचही आड नसणार. एसटीच्या ड्रायव्हरने मे महिन्यात काच लावलेली मी तरी पाहिलेली नाही!

आता एक करा. हात धुवून बसा, डोळे मिटा आणि डाव्या हाताचं बोट उजव्या हातावरून हलकेच फिरवा. सपाट चॉकलेटी डाग कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे बोटाला कळणार नाही. तो नुसता रंग आहे. असे डाग कॅन्सरकडे जात नाहीत. ऊन किती खाल्लंय, एवढंच ते सांगतात. काही ठिकाणी जरा उंच, मेणचट, कोणीतरी वरून चिकटवल्यासारखं काही लागेल. डांबरीकरण चालू असलेल्या रस्त्यावरून गाडी गेली की पत्र्यावर काळे शिंतोडे बसतात ना, तसं. लोक याला चामखीळ म्हणतात; ती चामखीळ नव्हे, पण तीही निरुपद्रवी. कपड्यात अडकत असेल तर काढून टाकता येते, नाहीतर राहू द्या.

मग बोट कानशिलावर न्या. तिथे सुताराच्या पॉलिश पेपरसारखं लागलं का? तुमच्या पत्रातल्या ‘दिसत फारसं नाही’ या वाक्यापाशी मी थांबले. उन्हाने होणारी कॅन्सरपूर्व जागा, जिला आम्ही अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतो, ती पुष्कळदा दिसण्याआधी हाताला लागते. रंग कातडीचाच किंवा किंचित लालसर, वर कोरडा पापुद्रा, ओढला तर टोचतो, निघाला तरी परत धरतो. जागाही ठरलेल्या, जिथे वर्षानुवर्षं ऊन बसतं : कपाळ, टक्कल, कानाची कड, नाक, मनगटापुढचा हात, खालचा ओठ. सावळ्या कातडीत हे कमी दिसतं. गोऱ्या, घाऱ्या माणसांत जास्त, आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांत तर फार लवकर.

माझी एक फजिती सांगते. ऐरोलीच्या एका निवृत्त बाईंच्या नाकावर असाच खरबरीत ठिपका होता. मी इसब समजून स्टेरॉइडचं मलम दिलं. पंधरा दिवसांत बरं वाटलं, महिन्याने परत. पुन्हा तेच मलम, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला, तेव्हा कळलं. बाई रागावल्या नाहीत, मीच स्वतःवर रागावले. तेव्हापासून एकाच जागी दोनदा परत आलेल्या डागाला मी तिसऱ्यांदा मलम देत नाही.

फोटोवरून मी निदान करणार नाही, कारण खरखरीतपणा फोटोत येत नाही. मात्र फोटोत तुमच्या चष्म्याची काडी दिसते आहे. घट्ट काडी रोज एकाच जागी दाबली तरी कातडी जाड होते. डाग नेमका काडीखाली येतो का, आरशात बघा आणि डॉक्टरांना सांगा. पण काडी सैल करून महिनोन्‌महिने वाट बघत बसू नका.

सूनबाईंना सांगा, कॅन्सरपूर्व म्हणजे कॅन्सर नव्हे. अशा बहुतेक जागा आयुष्यभर तशाच राहतात, काही आपोआप जातातही. थोड्या पुढे सरकतात, आणि त्या कोणत्या हे आधी ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांवरच उपचार करायचे. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन काही सेकंद मारतात, फोड येतो, खपली धरते, संपलं. जागा पुष्कळ असल्या तर फ्लुरोयुरॅसिलचं मलम देतात. त्याने आधी जागा लालबुंद होते, सोलवटते, आणि नेमकं तेव्हाच लोक घाबरून मलम सोडतात. डाग बुडाला जाड झाला, दाबल्यावर दुखला, रक्त येऊ लागलं किंवा भराभर वाढला, तर मात्र महिनाभरही थांबायचं नाही. आत्ताच खारघर किंवा परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल गाठायची गरज नाही. जवळचा त्वचारोगतज्ज्ञ पुरे.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते : तळपाय बघा. काळ्या तिळासारखा दिसणारा जो जास्त घातक कॅन्सर असतो, तो आपल्या कातडीत बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली निघतो. उन्हाशी त्याचं देणंघेणं नाही, आणि तिथे कोणी बघत नाही. जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम झाली तर तीही दाखवा.

बीपीच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड हा लघवी वाढवणारा घटक असतो. तो वर्षानुवर्षं घेतल्यास उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, असं डेन्मार्कमधल्या अभ्यासांत दिसलं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पाकीट तेवढं दाखवा.

सनस्क्रीनचा आता काय उपयोग, असं म्हणाल. आहे. ऑस्ट्रेलियातल्या १९९३ च्या एका अभ्यासात, एक उन्हाळाभर रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत अशा नव्या जागा कमी उगवल्या आणि जुन्यांपैकी जास्त विरल्या. तलावपाळीच्या फेऱ्या सूर्य वर यायच्या आत आटपा, कान झाकणारी टोपी घाला. क्रिकेटची टोपी कान झाकत नाही.

डॉक्टरकडे जाल त्या दिवशी कानशिलावरून वस्तरा फिरवू नका, आणि आदल्या रात्री टॉवेलने तो पापुद्रा काढू नका. पापुद्र्यासकट जा.